मठाबाहेरचे व्रत : ‘दयाकन्या’ संघाची स्थापना

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये उदयाला आलेला ‘फीय द ला शारिते’ हा कॅथलिक स्त्रियांचा सेवासंघ भारतात ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ या नावाने ओळखला जातो. पुढील विवेचनात त्याचा उल्लेख ‘दयाकन्या’ असा केला आहे. धर्मगुरू व्हिन्सेंट डी पॉल (१५८१–१६६०) आणि लुईझ द मारियाक (१५९१–१६६०) हे दोघे त्याचे संस्थापक मानले जातात आणि २९ नोव्हेंबर १६३३ ही त्याच्या स्थापनेची तारीख सांगितली जाते. प्रत्यक्षात त्या दिवशी घडले ते एवढेच, की चार-पाच खेडवळ तरुणी लुईझ यांच्या घरी राहायला आल्या. त्यांच्यापाशी ना कोणाची सनद होती, ना व्रते, ना ठरलेला वेश. पोपच्या प्रतिनिधीने संघाला मान्यता दिली ती ८ जून १६६८ रोजी, म्हणजे दोन्ही संस्थापकांच्या निधनानंतर आठ वर्षांनी. या दोन तारखांमधल्या पस्तीस वर्षांत संघाचे काम आधी वाढत गेले आणि त्याचे कायदेशीर रूप त्या कामामागून, अडखळत आणि पुष्कळदा तडजोडी करत आले. हा क्रम ध्यानात घेतल्याशिवाय या स्थापनेचे महत्त्व कळत नाही, कारण त्या काळी व्रतस्थ स्त्रियांच्या बाबतीत रीत नेमकी उलटी होती : आधी भिंत, नियम आणि व्रत, आणि मग त्यांच्या मर्यादेत बसेल तेवढेच काम.

या रीतीला बळकटी आली ती ट्रेंटच्या धर्मपरिषदेमुळे. प्रॉटेस्टंट चळवळीला उत्तर म्हणून भरलेल्या या परिषदेने डिसेंबर १५६३ मधील अखेरच्या बैठकीत व्रतस्थ स्त्रियांसाठी ‘क्लॉझुरा’, म्हणजे मठबंदी, सक्तीची असल्याचे पुन्हा बजावले आणि १५६६ मध्ये पोप पाचवे पायस यांनी तो दंडक आणखी कडक केला. मठबंदीचा अर्थ असा, की दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची जाहीर आणि आजन्म बांधून ठेवणारी महाव्रते घेतलेल्या स्त्रीने मठाच्या भिंतीबाहेर पाऊल टाकायचे नाही आणि बाहेरच्या माणसाशी बोलायचे झाल्यास जाळीआडून बोलायचे. या नियमामागे केवळ धर्मनिष्ठा होती असे समजणे भाबडेपणाचे ठरेल, कारण फ्रान्सच्या कायद्यानुसार महाव्रते घेणारी व्यक्ती ‘नागरी मृत्यू’ पावत असे, म्हणजे तिचा वारसाहक्क संपत असे, आणि मठात गेलेली मुलगी पुन्हा बाहेर येऊन वाटणी मागणार नाही याची शाश्वती प्रतिष्ठित घराण्यांना हवी असे. मठप्रवेशासाठी मुलीबरोबर हुंडाही द्यावा लागे. तो देण्याची ऐपत नसलेल्या घरातील मुलीला मठात फार तर कष्टाची कामे करणाऱ्या दुय्यम भगिनीचे स्थान मिळे. गरिबाच्या घरी जाऊन त्याची शुश्रूषा करणारी व्रतस्थ स्त्री ही कल्पना अशा व्यवस्थेत धर्मकायद्याच्या, घराण्याच्या आणि मालमत्तेच्या तिहेरी अडसराला सामोरी जात होती.

हा अडसर ओलांडण्याचे प्रयत्न आधीही झाले होते आणि त्यांची गत काय झाली हे व्हिन्सेंट यांना चांगले ठाऊक होते. अँजेला मेरिची यांनी १५३५ मध्ये इटलीतील ब्रेशिया येथे ज्या अर्सुलाइन मंडळाची स्थापना केली, त्यातील स्त्रिया आपापल्या घरी राहून व्रतस्थ जीवन जगत. परंतु १६१२ मध्ये पॅरिसच्या अर्सुलाइन भगिनींना मठबंदी पत्करावी लागली. बिशप फ्रान्सिस डी सेल्स आणि जान द शांताल यांनी १६१० मध्ये आनसी येथे सुरू केलेल्या ‘व्हिजिटेशन’ या संस्थेतील भगिनी आरंभी आजाऱ्यांच्या घरी जात असत, पण लियोंच्या आर्चबिशपांनी आग्रह धरला आणि १६१८ मध्ये तीही बंदिस्त झाली. पॅरिसमधील तिच्या मठांचे धार्मिक पर्यवेक्षण १६२२ पासून स्वतः व्हिन्सेंट यांच्याकडेच होते. इंग्रज स्त्री मेरी वॉर्ड यांनी तर मठबंदीशिवाय मुलींच्या शिक्षणाचे काम करणारी संस्था उघडपणे उभारली होती. ती १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांच्या आदेशाने बरखास्त झाली आणि मेरी वॉर्ड यांना म्युनिक येथे काही काळ कैदेत राहावे लागले. लुईझ यांच्या घरी पहिल्या मुली जमल्या त्या याच घटनेनंतर दोन वर्षांनी. त्यामुळे संस्थापकांनी पुढे दाखवलेली सावधगिरी हा भित्रेपणा नव्हता. डोळ्यांसमोर घडलेल्या गोष्टींपासून घेतलेला तो धडा होता.

दुसऱ्या बाजूला गरिबीचे स्वरूपही पालटत होते. तीस वर्षांच्या युद्धात फ्रान्स १६३५ मध्ये उघडपणे उतरला, १६४८ ते १६५३ या काळात ‘फ्रोंद’ नावाच्या अंतर्गत बंडाळीने पॅरिसच्या आसपासचा मुलूख उद्ध्वस्त केला, प्लेग आणि दुष्काळ अधूनमधून येतच राहिले आणि सैन्याच्या वाढत्या खर्चापायी करांचा बोजा शेतकऱ्यांवर पडत गेला. गावे सोडून निघालेली माणसे शहरात येत. तेथे त्यांना आश्रय मिळे तो ‘ओतेल-दियू’सारख्या जुन्या रुग्णालयांत, जेथे एका खाटेवर एकाहून अधिक रोगी झोपवले जात. ज्यांना ते नकोसे वाटे, असे आजारी लोक भाड्याच्या खोल्यांत खितपत पडत. मठातील कितीही दयाळू भगिनी या खोल्यांपर्यंत पोहोचू शकत नव्हत्या, आणि दयाकन्यांच्या संघाची गरज निर्माण झाली ती नेमकी याच ठिकाणी.

व्हिन्सेंट डी पॉल यांचा जन्म गॅस्कनी प्रांतातील दाक्सजवळच्या पुई या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. १६०० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली, आणि आरंभीच्या काळात त्यांची दृष्टी गरिबांपेक्षा चांगल्या उत्पन्नाच्या धर्मपदाकडेच अधिक होती, हे त्यांच्या चरित्रकारांनी लपवलेले नाही. पॅरिसमध्ये आल्यावर ते शाही गलबतांचे सेनापती फिलिप-एमान्युएल द गोंदी यांच्या घरी मुलांचे शिक्षक झाले. त्या घराच्या जहागिरीतील खेड्यांमध्ये फिरताना त्यांना ग्रामीण भागातील धार्मिक आणि आर्थिक हलाखी दिसली. १६१७ मध्ये ते शातियों-ले-दोंब या छोट्या गावी धर्मग्रामाचे प्रमुख झाले. धर्मग्राम म्हणजे एका चर्चशी आणि त्याच्या धर्मगुरूशी जोडलेली वस्ती. २० ऑगस्टच्या रविवारी, गावाबाहेरच्या एका घरातील सगळीच माणसे आजारी पडली असून त्यांना पाहायला कोणी नाही, असे त्यांना कळले. त्यांनी प्रवचनात तो विषय काढला आणि दुपारपर्यंत त्या घराच्या वाटेवर अन्न घेऊन जाणाऱ्या बायकांची रीघ लागली. यातून व्हिन्सेंट यांनी काढलेला निष्कर्ष त्यांच्या स्वभावाची ओळख पटवणारा आहे : लोकांची दया मोठी आहे, पण तिला शिस्त नाही, त्यामुळे आज आलेले अन्न नासून जाईल आणि उद्या तेच घर उपाशी राहील. तीन दिवसांत त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र करून पाळीपाळीने सेवा करण्याची व्यवस्था लावली. तिला ‘काँफ्रेरी द ला शारिते’, म्हणजे दयामंडळ, असे नाव मिळाले आणि वर्ष संपण्यापूर्वी त्याची नियमावली धर्मप्रांताकडून मंजूर झाली.

ही नियमावली पुढील सगळ्या इतिहासाचा पाया असल्याने तिच्याकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. मंडळाच्या सदस्येने जेवण रांधून रोग्याकडे जावे, आत शिरताना हसतमुखाने त्याची चौकशी करावी, खाटेवर छोटे मेज मांडून त्यावर रुमाल, वाडगा, चमचा आणि पाव ठेवावा, रोग्याचे हात धुऊन द्यावेत, प्रार्थना म्हणावी, मग सूप वाढावे, मांसाचे तुकडे करून द्यावेत आणि पोटच्या पोराला भरवावे तशा मायेने त्याला चार घास खायला लावावे, असे तीत सांगितले आहे. फेरीचा क्रमही ठरवून दिलेला आहे : ज्या रोग्याजवळ घरचे कोणी आहे त्याच्यापासून सुरुवात करावी आणि जो अगदी एकटा आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी जावे, म्हणजे त्याच्यापाशी अधिक वेळ बसता येईल. हिशेब ठेवणारी खजिनदार कोण असावी, निवडणूक कधी घ्यावी आणि सदस्येच्या आजारपणात तिची पाळी कोणी घ्यावी, याचीही कलमे त्यात आहेत. ‘दया’ या भावनेचे असे तपशीलवार, तपासता येईल अशा कामात रूपांतर करणे हे व्हिन्सेंट यांचे खास कसब होते, आणि अशी मंडळे गावोगाव निघू लागली तेव्हा त्यांच्या देखरेखीला तितक्याच व्यवस्थित बुद्धीची व्यक्ती हवी होती.

ती व्यक्ती लुईझ यांच्या रूपाने मिळाली. लुईझ या फ्रान्सच्या एका बड्या घराण्यातील पुरुषाची अनौरस कन्या होत्या. आई कोण हे कधीच उघड झाले नाही. पॉसी येथील राजाश्रित डॉमिनिकन मठात त्यांना उत्तम शिक्षण मिळाले. कॅपुचिन भगिनींच्या मठात जाण्याची त्यांची इच्छा प्रकृतीच्या कारणावरून नाकारली गेली, तेव्हा १६१३ मध्ये त्यांचा विवाह राजमाता मारी द मेदिची यांच्या पदरी चिटणीस असलेल्या आंत्वान ल ग्रा यांच्याशी लावून देण्यात आला. पती सरदार घराण्यातील नसल्यामुळे, तेव्हाच्या शिष्टाचाराप्रमाणे, विवाहित असूनही त्यांना आयुष्यभर ‘मादमुआझेल ल ग्रा’ असेच संबोधले गेले. १६२५ च्या डिसेंबरात त्या विधवा झाल्या. त्यांचे चुलते मिशेल द मारियाक राजमुद्रेचे अधिकारी होते. कार्डिनल रिशल्यू यांच्याशी झालेल्या सत्तासंघर्षात १६३० मध्ये त्यांचे पद गेले आणि १६३२ मध्ये ते कैदेत वारले, तर दुसऱ्या चुलत्यांचा, मार्शल लुई द मारियाक यांचा, त्याच वर्षी शिरच्छेद झाला. घराण्याच्या या पडझडीच्या थोडे आधीपासून, म्हणजे १६२९ पासून, आणि तिच्या काळातही लुईझ गावोगावच्या दयामंडळांची पाहणी करत हिंडत होत्या : हिशेबवह्या तपासत होत्या, भांडणे मिटवत होत्या, मुलींना अक्षरओळख करून देत होत्या. या भ्रमंतीत मिळालेला अनुभव त्यांच्या पुढील प्रत्येक निर्णयामागे उभा असलेला दिसतो.

दयामंडळाची पद्धत खेड्यात नीट चालली, पण पॅरिसमध्ये ती अडखळली. राजधानीतील मंडळांच्या सदस्या सरदार आणि उच्चाधिकारी घराण्यांतल्या स्त्रिया होत्या. वर्गणी त्या सढळ हाताने देत, परंतु सुपाचे पातेले घेऊन अरुंद जिने चढणे, रोग्याची अंथरुणे बदलणे, जखमा धुणे ही कामे त्यांच्याच्याने होईनात, आणि प्लेगच्या भीतीने घरची माणसेही त्यांना जाऊ देईनात. परिणामी त्या आपल्या मोलकरणींना पाठवू लागल्या, आणि ज्यांना हुकमावरून जावे लागे त्यांच्याकडून नियमावलीत सांगितलेल्या मायेची अपेक्षा करणे व्यर्थ होते. या पेचातून वाट दाखवली ती पॅरिसजवळच्या सुरेन गावच्या मार्गेरित नासो यांनी. १५९४ मध्ये जन्मलेल्या मार्गेरित गुरे राखत असत. त्यांनी एक मुळाक्षरांचे पुस्तक विकत घेतले, धर्मगुरूंकडून काही अक्षरे समजून घेतली आणि पुढे रस्त्याने जाणारा-येणारा वाचणारा दिसला की त्याला थांबवून अडलेला शब्द विचारत त्या वाचायला शिकल्या. नंतर आसपासच्या खेड्यांत जाऊन त्यांनी मुलींना शिकवले. १६३० मध्ये त्यांनी व्हिन्सेंट यांच्याकडे येऊन रोग्यांची सेवा करण्याची तयारी दाखवली आणि पॅरिसच्या एकामागून एक धर्मग्रामांत काम केले. प्लेग झालेल्या एका मुलीला त्यांनी स्वतःच्या अंथरुणात जागा दिली आणि त्याच आजाराने १६३३ च्या आरंभी त्यांचा अंत झाला. संघाच्या औपचारिक आरंभापूर्वीच निवर्तलेल्या या स्त्रीला व्हिन्सेंट पहिली दयाकन्या मानत, आणि ते योग्यच होते, कारण स्वेच्छेने, मोबदल्याविना आणि बरोबरीच्या नात्याने गरिबांकडे जाणारी गरीब घरची स्त्री हा या संघाचा मूळ नमुना कोणाच्या योजनेतून आला नव्हता. तो मार्गेरित यांच्या वागण्यातून समोर आला होता.

त्यांच्यामागून आलेल्या मुलींना एकत्र ठेवून शिकवण्याची गरज लुईझ यांना तीव्रतेने वाटत होती. व्हिन्सेंट मात्र दैवी संकेताच्या पुढे धावू नये या आपल्या तत्त्वानुसार थांबून होते. अखेर १६३३ च्या नोव्हेंबरात त्यांनी संमती दिली. लुईझ यांच्या घरी या मुली वाचन-लेखन, धर्मशिक्षण, पथ्याचा स्वयंपाक, औषधे तयार करणे आणि त्या काळी सर्रास वापरला जाणारा उपचार म्हणजे शीर तोडून रक्त काढणे, एवढे सारे शिकत. पहाटे चार वाजता त्यांचा दिवस सुरू होई. ध्यान, मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, आणि मग रोग्यांच्या घरोघरी फेरी, असा क्रम असे. प्रार्थना चालू असताना रोग्याने हाक मारली तर प्रार्थना सोडून त्याच्याकडे जावे, कारण असे जाणे म्हणजे देवासाठीच देवाला सोडणे होय, अशी शिकवण व्हिन्सेंट यांनी त्यांना वारंवार दिली. मठात प्रार्थनेच्या घंटेभोवती दिवसाची सगळी कामे बांधलेली असत. येथे खुद्द प्रार्थनेची वेळही रोग्याच्या गरजेपुढे नमती घेत होती.

कामाची क्षेत्रे एकापाठोपाठ एक उघडत गेली. १६३४ मध्ये ओतेल-दियूमधील रोग्यांसाठी श्रीमंत स्त्रियांचे एक मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या हाताखाली दयाकन्या राबू लागल्या. १६३८ मध्ये रस्त्यावर टाकून दिलेल्या अर्भकांचे काम काही थोड्या मुलांपासून सुरू झाले. ही पापाची संतती आहे, या समजुतीमुळे देणगीदारांचे मन वळवणे कठीण जाई, आणि दायांकडे खेड्यांत ठेवलेल्या बाळांवर देखरेख ठेवण्याचे कामही चिकाटीचे होते. १६४० पासून त्या गलबतांवर वल्ही मारण्याची शिक्षा झालेल्या, पॅरिसच्या बुरुजात साखळदंडांत जखडलेल्या कैद्यांना अन्न देऊ लागल्या. त्याच वर्षी १ फेब्रुवारीला लुईझ यांनी आंझे येथील सेंट जॉन रुग्णालयाच्या विश्वस्तांशी करार केला. रुग्णसेवेच्या बाबतीत भगिनी विश्वस्तांचे ऐकतील, मात्र त्यांचे आंतरिक जीवन आणि बदल्या हा पॅरिसमधील वरिष्ठांचा अधिकार राहील, ही त्यातील तत्त्वे पुढील अनेक करारांत टिकून राहिली. १६५२ मध्ये फ्रेंच वंशाच्या राणीच्या बोलावण्यावरून तीन भगिनी पोलंडला गेल्या, आणि १६५० च्या दशकात सदाँ आणि कॅले येथे जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी गेलेल्यांपैकी काहींना तेथेच मरण आले.

या विस्ताराला सामावून घेईल असे संघाचे रूप कोणते, हा या स्थापनेतील सर्वांत बारीक प्रश्न होय. व्हिन्सेंट यांचे उत्तर त्यांनी भगिनींसाठी घालून दिलेल्या जीवनचित्रात दिसते : त्यांचा मठ म्हणजे रोग्यांची घरे, त्यांची कोठडी म्हणजे भाड्याची खोली, त्यांचे प्रार्थनामंदिर म्हणजे धर्मग्रामाचे चर्च आणि त्यांचे मठांगण म्हणजे शहरातील रस्ते, भिंतीच्या जागी आज्ञापालन आणि जाळीच्या जागी ईश्वराचे भय. हे चित्र भावपूर्ण आहे, पण त्याचबरोबर ते कायदेशीर दृष्ट्या अत्यंत दक्षतेने रेखाटलेले आहे. बिशपाने कोणा भगिनीला ती व्रतस्थ मठवासिनी आहे काय असे विचारले तर तिने स्पष्ट नकार द्यावा, असे व्हिन्सेंट सांगत, कारण होकार देताच मठबंदीचा नियम लागू झाला असता. म्हणून वेशही इल-द-फ्रान्स भागातील शेतकरी स्त्रियांचाच ठेवला गेला. पुढे जगभर ओळखीची झालेली पांढरी, पंखांसारखी ‘कॉर्नेट’ टोपी ही त्याच ग्रामीण शिरोवस्त्राचे विकसित रूप होती आणि ती १९६४ पर्यंत वापरात होती. प्रत्येक घराच्या प्रमुख भगिनीला ‘सेविका भगिनी’ म्हटले जाई. प्रवेशासाठी हुंडा नव्हता. २५ मार्च १६४२ रोजी, देवदूताने मरियेला संदेश दिल्याच्या सणादिवशी, लुईझ आणि अन्य चौघींनी व्रते घेतली ती खाजगीरीत्या. पुढे ही व्रते एका वर्षापुरती घेऊन दर वर्षी त्याच सणाच्या सुमारास नव्याने घेण्याचा प्रघात पडला. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांच्या जोडीला गरिबांची सेवा हे चौथे व्रत त्यात होते.

मान्यतेच्या प्रश्नावर दोन्ही संस्थापकांची मते काही काळ वेगळी राहिली, आणि या मतभेदातून लुईझ यांचा वाटा स्पष्ट होतो. २० नोव्हेंबर १६४६ रोजी पॅरिसच्या आर्चबिशपांच्या वतीने मिळालेल्या मान्यतेत संघ आर्चबिशपांच्या अधिकाराखाली ठेवला होता. लुईझ यांना हे मान्य नव्हते : एखादा बिशप भगिनींना मठात कोंडील, किंवा धर्मप्रांतागणिक संघाचे तुकडे पडतील, अशी त्यांची भीती होती, त्यामुळे व्हिन्सेंट यांनी १६२५ मध्ये स्थापलेल्या पुरुषांच्या मिशन संघाचे सर्वोच्च अधिकारीच दयाकन्यांचे कायमचे संचालक असावेत, असा त्यांचा आग्रह होता. योगायोगाने १६४६ ची कागदपत्रे गहाळ झाली आणि प्रश्न पुन्हा खुला झाला. दरम्यान आर्चबिशप झालेले कार्डिनल द रेत्स राजकीय कैदेतून निसटून रोमला पोहोचले होते. तेथून १८ जानेवारी १६५५ रोजी त्यांनी दिलेल्या दुसऱ्या मान्यतेत लुईझ यांना हवी असलेली रचना होती. त्याच वर्षी ८ ऑगस्टला भगिनींच्या उपस्थितीत स्थापनापत्र झाले, १६५७ मध्ये राजाची सनद मिळाली. एका फरारी कार्डिनलच्या सहीने संघाचे स्वातंत्र्य पक्के झाले, पण त्या सहीमागे एका विधवेचा नऊ वर्षांचा पाठपुरावा होता.

या इतिहासाचा गौरव करताना त्यातील ताणही नजरेआड करू नयेत. पैसा श्रीमंत स्त्रियांचा आणि कष्ट खेडवळ भगिनींचे, ही विभागणी संघाने पुसली नाही; देणगीदार स्त्रियांची मर्जी राखणे हा लुईझ यांच्या कारभाराचा नित्याचा भाग होता. तरीही या विभागणीला आतून विरोध होत होता. रिशल्यू यांची भाची मादाम द कोंबाले यांनी १६३६ मध्ये आपल्या वाड्यात एक भगिनी मागितली, तेव्हा तेथे पाठवलेल्या बार्ब आंजिबूस्त रडू लागल्या. आपण घर सोडले ते गरिबांच्या सेवेसाठी, मोठ्या बाईंच्या चाकरीसाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि व्हिन्सेंट यांना ते मनापासून भावले. दुसरा ताण राजसत्तेशी होता. १६५६ च्या राजाज्ञेने पॅरिसमधील भिकाऱ्यांना ‘सामान्य रुग्णालय’ नावाच्या वास्तूंमध्ये सक्तीने डांबण्याची योजना आली. या सक्तीबद्दल व्हिन्सेंट साशंक होते आणि तेथील धर्मगुरूपदाची जबाबदारी मिशन संघाने नाकारली. धर्मसंस्था व्रतस्थ स्त्रियांना आणि राज्यसंस्था गरिबांना भिंतीआड घालत होती, त्या काळात या दोघांची भेट रस्त्यावर आणि घरोघरी घडवून आणणारा हा संघ दोन्ही प्रवाहांच्या विरुद्ध दिशेला उभा होता. तो निराश्रितांसाठी आणि वृद्धांसाठी घरेही चालवत होता हे खरे, पण कोणाला सक्तीने आत आणणे हे त्याच्या कल्पनेत बसत नव्हते.

अभ्यासकाच्या दृष्टीने या विषयाचे भाग्य असे, की त्याची साधने विपुल आहेत. व्हिन्सेंट यांचा पत्रव्यवहार, भाषणे आणि अन्य कागदपत्रे प्येर कॉस्त यांनी १९२० ते १९२५ या काळात चौदा खंडांत प्रसिद्ध केली, आणि लुईझ यांची पत्रे व आध्यात्मिक टिपणेही उपलब्ध आहेत. भगिनींसमोर व्हिन्सेंट यांनी केलेली प्रवचने भगिनींनीच टिपून ठेवली. त्यांत ते एकेकीला प्रश्न विचारतात आणि तिचे उत्तर ऐकून पुढे जातात, त्यामुळे एरवी इतिहासात मुक्या राहिलेल्या खेडवळ स्त्रियांचे बोलणे आपल्यापर्यंत पोहोचते. ही साधने वाचताना दोन गोष्टींचे भान हवे : संतपद मिळालेल्या व्यक्तींची चरित्रे भक्तिभावाने लिहिली जातात, आणि व्हिन्सेंट यांच्या तेजात लुईझ यांचे कर्तृत्व दीर्घकाळ झाकोळले गेले. व्हिन्सेंट यांना संतपद १७३७ मध्ये मिळाले, लुईझ यांना १९३४ मध्ये.

पुढचा प्रवास येथे थोडक्यातच सांगता येईल. फ्रेंच राज्यक्रांतीत संघ विसर्जित झाला आणि १७९४ मध्ये आंझे व कांब्रे येथे काही भगिनींना देहदंड झाला. मात्र रुग्णालये चालवायला प्रशिक्षित माणसे मिळेनात, तेव्हा १८०० च्या डिसेंबरात शासनानेच संघाला पुन्हा विद्यार्थिनी घेण्याची परवानगी दिली. पॅरिसच्या गरीब वस्तीत काम करणाऱ्या दयाकन्या रोझाली रांदू यांच्या मार्गदर्शनाखाली फ्रेडरिक ओझानाम आणि त्यांच्या तरुण मित्रांनी १८३३ मध्ये गरिबांच्या घरी भेटी देण्याचे काम सुरू केले. त्यातून वाढलेली ‘सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी’ मुंबई आणि वसईच्या धर्मग्रामांतील कॅथलिकांच्या चांगल्या परिचयाची आहे.

भारतीय वाचकाला या इतिहासाचा आणखी एक धागा ओळखीचा वाटेल. मेरी वॉर्ड यांची संस्था बरखास्त झाली तरी तिची परंपरा टिकली आणि तिच्यातूनच लोरेटो भगिनींची शाखा निघाली. कोलकात्याच्या लोरेटो मठातील शिक्षिका मदर टेरेसा यांना १९४८ मध्ये झोपडपट्टीत जाऊन राहायचे झाले, तेव्हा त्यांनाही मठाबाहेर राहण्याची खास परवानगी रोमकडून मिळवावी लागली, आणि १९५० मध्ये त्यांच्या नव्या संघाला मान्यता मिळाली. साध्या व्रतांच्या आणि मठबंदीविना काम करणाऱ्या स्त्रीसंघांना रोमने पूर्णार्थाने व्रतस्थ संस्था म्हणून स्वीकारले ते १९०० मध्ये, पोप तेरावे लिओ यांच्या आज्ञापत्राने. तोवर अशा संघांनी शाळा, रुग्णालये आणि अनाथालये यांचे जाळे जगभर विणलेले होते. दयाकन्या स्वतः मात्र आजही धर्मकायद्याच्या दृष्टीने त्या वर्गात मोडत नाहीत. त्यांची गणना ‘प्रेषितकार्यासाठी एकत्र राहणारा समाज’ या वेगळ्या वर्गात होते आणि त्यांची व्रते अजूनही वर्षापुरतीच असतात. आजाऱ्याच्या खोलीपर्यंत पोहोचता यावे म्हणून सतराव्या शतकात पत्करलेली ही तात्पुरती तडजोड पुढे त्यांनी जपली ती सोय म्हणून नव्हे, तर त्यांच्या जीवनाचे तत्त्व म्हणून. आणि दर वर्षी मोकळे होऊन पुन्हा स्वेच्छेने बांधून घेणाऱ्या स्त्रियांच्या बळावर एखादी संस्था साडेतीन शतकांहून अधिक काळ टिकते, हेच त्या स्थापनेमागच्या शहाणपणाचे सर्वांत मोठे प्रमाण आहे.